पहिली रांग

चिखलीच्या ऑफिसात, फार्मसीच्या वर,
साहेब म्हणाले, असं काही मांडा
की प्रवाशाला मिळाल्यासारखं वाटेल
आणि आपलं काही जाणार नाही.

मी चांदी लिहिली, सोनं लिहिलं,
पाण्याची बाटली लिहिली, खोडली.
ती आपण विकतो.
लाउंज तर आपल्याला स्वतःलाच नाही.

मग यादी उघडली.
सगळ्यात वर पर्यटक नव्हता:
आग्नेल फुर्तादो, केपे. कोचीच्या गोदीत फिटर.
वर्षात एकेचाळीस खेपा,
सामान शून्य, खाणं शून्य, खिडकी कधीच नाही.

फोन लावला. गोल्ड मेंबर व्हाल का?
मागे ग्राइंडर किंचाळत होता.
"भांगर नाका गो बाय," तो म्हणाला,
"म्हजी मडगावची बस चुकता."

विमान टेकतं दहा-दहाला.
तिठ्यावरून शेवटची बस दहा-पस्तीसला.
त्याला मिळते नेहमी एकतिसावी रांग, उरलेली,
आणि पुढचे तीस रांगांतले लोक
सावकाश वरच्या पिशव्या काढत असतात.
टॅक्सी घ्यावी, तर तिकिटाहून महाग.

सोमवारी मी एकच ओळ दाखवली:
दहा खेपांनंतर पहिली रांग, जादा पैसे नाहीत.
साहेबांनी लगेच तिचं बारसं केलं, 'अग्रमान'.
कारण विचारलं नाही. बरं झालं.

कधी उशिरापर्यंत थांबले, तर
साडेदहाच्या सुमारास खिडकीशी जाते,
उतारावरून कुणी धावत येतंय का बघायला.
काल एकजण तिठ्यावर, गाड्याशी उभा राहून,
चणे घेत होता, सुटे पैसे मोजून.
तोच असेल असं नाही.