दहा मीटरच्या आत

केळीबाग रोडच्या मागच्या बोळीत
एका गाळ्याचे दोन झाले, मधे प्लायवूड.
इकडे मी : बॅनर, बायोडाटा, मराठी टायपिंग.
तिकडे मोरूदादा : मोबाईल दुरुस्ती, पासपोर्ट फोटो.
बिनसलं ते झेरॉक्सच्या मशीनवरून.
मशीन कधीच भंगारात गेली.
चार उन्हाळे झाले.

प्लायवूडमधून सारंच येते :
त्याचा खोकला, सोल्डरिंगचा धूर,
गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणणं,
डबा उघडला की सांडगी मिरची.
मला उद्देशून तेवढं काही येत नाही.

आज सकाळी सिमेंट रोडवाल्यांच्या जेसीबीनं
केबल तोडली. बोळीचं नेट गेलं.
मोबाईलला एक काडी, तीही उठबस करणारी.
कूलर नुसती वाफ फेकून राहिला होता,
आणि नेमक्या नंदेश्वर बाई आल्या,
पदरानं कपाळ पुसत :
"साहेब रिटायर होऊन राहिले आज,
सहाचा कार्यक्रम आहे, बॅनर पाहिजे.
फोटो तुमच्या भावाकडं काढला न."
त्याच पलीकडे जाऊन आल्या.
"पेनड्राइव्हचं तोंड ढिलं झालं म्हणतात.
ब्लूटूथवर घे म्हणावं तिला."

तिला.

शोधायला लावलं.
गोल चकरी फिरली, खाली एकेक नाव उगवलं :
चहाच्या टपरीवरल्या पोराचे हेडफोन,
वरच्या दवाखान्यातला प्रिंटर,
बाईंच्या पर्समधला फोन, कारखान्यानंच ठेवल्या नावाचा,
आणि मोरू-२.
स्पीकर जोडताना रोज दिसते ते.
रस्त्यात कुणी दिसल्यावर मान वळवावी
तशी मी त्याच्यावरून पुढे जाते.

तिकडे त्याला काय दिसत असेल, ठाऊक आहे :
"कुंदीचा डबा".
सीपीयू आणला त्या दिवशी स्क्रू आवळता आवळता
त्यानंच ठेवलेलं नाव.
बदलायला अर्धं मिनिट लागते.
मला येते बदलता.

दाबलं.
पडद्यावर सहा आकडे.
नुसतं जवळ असणं यंत्राला पुरत नाही,
ते विचारते : समोरही हाच आकडा आहे का?
आता हे कोणी कोणाला विचारायचं?
बाई फोनवर हारवाल्याशी भांडत होत्या.
वेळ संपली. आकडा पुसला गेला.

दुसऱ्यांदा दुसरा आकडा.
प्लायवूड खाकरली.
"चारशे अठ्ठावीस…"
मी म्हटलं, "शून्य एकसष्ट."
"हाच न?"
"हाच."
"दाब मग."

साठ टक्क्यांवर हिरवी पट्टी अडली.
बाईंनी श्वास धरला, मीही.
"मधे कपाट असेल लोखंडाचं.
डबा सरकव इकडे."
डबा म्हणाला तो, सीपीयू नाही.
मी गुडघ्यावर बसून सरकवला,
फरशीवर ओरखडा उठला.
पलीकडेही खुर्ची घासल्याचा आवाज.

आला फोटो.
नंदेश्वर साहेब, टाय गळ्याशी करकचलेला,
कान जरा मोठे,
आणि मागं तो निळा पडदा,
उजव्या कोपऱ्यात माझी वाकडी टीप.
अजून तोच लावते हा.

पावणेसहाला बॅनर गेलं. सातला नेट आलं.
शटर ओढण्याआधी पाहिलं :
मोरू-२. जोडी झाली आहे.
खाली बारीक अक्षरात : सध्या जोडलेलं नाही.
बाजूला खोडायचं बटण.

दिवा मालवला.
डबा राहू दिला तिथंच, प्लायवूडला लागून.
तिथं हवा लागत नाही त्याला. तापते.