तिसरं भोक

गोणपाटात गुंडाळून आणली होती,
वरून सुतळी, सुतळीला सात गाठी.
मी कापली नाही, सोडवली. बाबांची सवय.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
पाटी अजून त्यांचीच:
येथे पंखे, मोटार, मिक्सर रिवाइंड करून मिळतील.
गिटारचं पाटीवर काही नाही,
तरी लोक येतात.

जपानी, पासष्ट-सहासष्टची,
कुणा खलाशाच्या ट्रंकेसोबत बोटीवरून उतरलेली.
आता अंगभर चंदेरी रंग, ग्रिलला मारतात तो,
त्यात ब्रशचे केस अडकलेले.
ब्रिजच्या जागी खिडकीची बिजागरी.
सहा खुंट्यांतली एकच मूळची.
मानेच्या सांध्यात एम-सील थापलेलं,
त्यावर अंगठा आणि दोन बोटांचे ठसे.
आणि भोकं तीन:
एकात टीव्हीचा नॉब,
एकात टेपरेकॉर्डरचं सॉकेट,
तिसऱ्यात, वरच्या कडेला,
दारावरच्या बेलचं बटण, घंटीच्या चित्रासकट.

कुठल्या गाढवानं, मी म्हटलं.
ब्लॉसम खाली बघत होती.
इनासकाकाची आहे, म्हणाली.
जशी होती तशी करून द्या.

चंदेरीखाली हिरवा निघाला,
हिरव्याखाली लाल,
लालाखाली ती स्वतः:
मधोमध मधाचा रंग, कडेला करपत गेलेला,
तव्यावरून जरा उशिरा उतरवलेल्या घावनासारखा.
मी दुकानात एकटीच होते, तरी मोठ्यानं म्हणाले, अगं.

पिकअप मेलेला. मीटरचा काटा हलेना.
बेचाळीस गेजची तार,
बाबा म्हणायचे ही श्वासानं तुटते, तोंडाला रुमाल बांध.
बांधला. त्यांच्याच मशीनवर,
त्यांच्याच काउंटरवर फेरे मोजत गेले.
सहा हजार एकशे चाळीसला
शेजारच्यानं धाडकन शटर ओढलं.
पुन्हा शून्य.

भोकांत सागाच्या खुंट्या बसवल्या,
सरस, क्लॅम्प, दोन दिवस.
मग घासकागद, मग पॉलिशचे पाच हात.
तिसरं भोक कुठं होतं
ते आता मलाही बोटानं शोधावं लागत होतं.
खूश होते मी. लपवत नाही.

रविवारी मिस्सा संपवून ती चरईहून आली.
गिटार उचलली, उजेडात धरली,
वरच्या कडेवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला.
बटण कुठाय?

बावीस नंबरच्या रोडवर पॉवर प्रेस होती, तिनं सांगितलं.
उजव्या हाताची करंगळी, तिच्या शेजारचं बोट
आणि तळहाताची कड.
तारा गप्प करायला हीच कड लागते ना?
मग काकाच्या तारा थांबायच्याच नाहीत,
एका सुरात दुसरा सांडायचा.
लग्नात माणसं म्हणायची, इनास, बाबा, आवर.
तेव्हा त्यानं घरच्या दाराची बेल उपटली
आणि कोपराखाली बसवली.
दाबली की आवाज बंद.
आमच्याकडे पाहुणे अजून कडी वाजवतात.

हजारांनी फेरे मोजणारी मी.
एम-सीलवरची बोटं मोजली नव्हती.

भंगाराच्या डब्यात बराच वेळ हात घातला.
सापडलं, पिवळट,
मधोमध झिजून खड्डा पडलेलं.
घंटीचं चित्र अर्धंच उरलं होतं.
स्प्रिंग मात्र शाबूत.

चहा सांगितला.
तिला म्हटलं, बस, मांडीवर घे,
कोपर कुठं येतं दाखव.
तिनं हात टाकला. मी पेन्सिल टेकवली.
नाही, म्हणाली, तो बुटका होता.
अजून इकडे.
अजून थोडं.