काळी चारच्या खाली

डॉलर मार्केटच्या तळघरात आमचं दुकान.
दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग, सोल्डरिंगचा धूर
आणि समोरच्या फैजानशी रोजचं युद्ध,
कुणाचा स्पीकर मोठा.
पंधरा सेकंदांची किती गाणी ऐकतो मी दिवसात
याचा हिशेब नाही. वाजलं की पुढचा फोन.
पूर्ण गाणं ऐकायचे पैसे कोण देतं?

एका मंगळवारी ही पेटी आली.
रेडिओसारखी, पण बातम्या नसलेली.
पावतीवर लिहिलं: इलेक्ट्रॉनिक तानपुरा. खरखर.
नाव विचारलं. "मुंगी."
मी मान वर केली.
"आडनाव आहे," बाई म्हणाल्या,
"साखर मागत नाही, घाबरू नकोस."

आत एक कपॅसिटर फुगलेला,
बटणाखाली धूळ, आणि चक्क उदबत्तीची राख.
अर्ध्या तासाचं काम.
मग चालू करून ठेवली, कारण खरखर लबाड असते,
लगेच येत नाही, तासाभरानं येते.
तासाभरानं आली नाही.
दोन तासांनी आली नाही.
बाईही आल्या नाहीत, चार दिवस.

पहिल्या दिवशी फैजान ओरडला,
"भिया, ये आगे कब बढ़ेगा?"
खरंच, पुढे काही जात नव्हतं. चार तारा, त्याच त्या,
जसं कुणी एकच दार चारदा उघडतंय
आणि आत कुणीच नाही.
दुसऱ्या दिवशी त्यानं आपला स्पीकर जरा खाली घेतला.
तिसऱ्या दिवशी मला त्या चारांत
पाचवं काहीतरी ऐकू यायला लागलं,
बारीक, कुणीही न छेडलेलं.
पेटी पुन्हा उघडली. दोष शोधला.
दोष नव्हता.

शनिवारी बाई आल्या.
सुराचं बटण मी नेलपॉलिशच्या लाल ठिपक्यावर
अगदी नेमकं लावून ठेवलं होतं.
"ही काळी चार," ठिपक्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या,
आणि बटण खाली फिरवलं. आणखी थोडं खाली.
तारा उतरत गेल्या, कठडा धरून जिना उतरावा तशा.
एका पायरीवर थांबल्या.
मग भर दुपारी, चार्जर, कव्हरं, टेम्पर्ड ग्लास यांच्या मधोमध
त्यांनी सा लावला.

नुसता सा.
आधी थोडा हलला, वयस्कर होता.
मग बसला. आणि मला कळेना
पेटी कुठली, बाई कुठल्या.
"कितना टाइम" विचारायला आलेला एक पोरगा
विचारायचा राहिला.

"कुठला राग हा?" मी.
"राग कुठला? अजून दारात चपला काढतेय."

लाल मार्कर हातात घेऊन म्हटलं,
नवा ठिपका करून देऊ? इथं?
"नको. पुढच्या वर्षी आणखी खाली येईल.
सा कुठंही ठेवता येतो रे.
ठेवल्यावर मात्र हलायचं नाही."
दीडशे रुपये दिले, सुटे.
पिशवीत पेटी, वर मेथीची जुडी.

मी चोवीस वर्षांचा आहे.
तीन अर्ज केलेत. पुण्याला एक कंपनी,
दुबईला एक दुकान, आणि इथलंच नगर निगम.
घरी प्रत्येकाला वेगळं सांगितलंय.

दुकान मिटताना फैजान म्हणाला, "वो मशीन गई क्या?"
एवढंच.
आणि स्पीकर मोठा केला नाही.

राजवाड्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली.
इंजिन एका जागी घुमत होतं.
हेल्मेटच्या आत, काच खाली ओढून,
मी त्यात सा शोधायला गेलो.
एकदा वर निसटला, एकदा खाली पडला.
मग क्षणभर, कवटीत कुठंतरी,
दोन आवाजांचा एक झाला.
सिग्नल हिरवा.
मागच्यानं हॉर्न मारला.

किंचित चढा होता.