सुईचं रजिस्टर

सुई तुटली तर आधी सगळे तुकडे आणायचे,
मग नवी मिळते.
हा नियम सरांचा नाही, मालकाचाही नाही.
जिथं हे कपडे जातात, तिथला आहे.
मी नुसती किल्ली सांभाळते,
तुकड्याला तुकडा जुळवून वर चिकटपट्टी लावते
आणि रकाने भरते:
तारीख, वेळ, मशीन, सुईचा नंबर, तुकडे किती, कुठं सापडले.

आमचं युनिट सेलूत, जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये.
भिंतीच्या फटीतून अजून सरकी निघते.
इथून गाठी बांधून कापूस जातो दक्षिणेला,
तिकडं त्याचं सूत होतं, कापड होतं, रंग चढतो,
आणि ट्रकमधून येतो परत आमच्याकडं शिवायला.
तोच का? कोण सांगणार.
कापसाला कुठं आधार कार्ड असतं.
मग न्हावा शेवा, मग बोट.
त्याच्या पुढच्या गावाचं नाव मला नीट म्हणता येत नाही,
खोक्यावर छापून येतं,
मी ते तेवढं सरळ चिकटवते.

त्या दिवशी ऑर्डर होती तान्ह्या लेकरांची.
तीन महिन्यांचं माप, पिवळा रंग,
छातीवर बदकाचं पिल्लू.
अख्खं अंगडं ओंजळीत मावेल, एवढुसं.

चौदा नंबरला रौशनबीची सुई तुटली.
दोन तुकडे आणले तिनं.
टोक नव्हतं.

लाइन थांबली.
गिरवलकर सरांनी पंखे बंद करायला लावले,
हवेनं टोक उडेल म्हणून. मे महिना, वर पत्रा.
लोहचुंबक फिरवलं फरशीवरून, पायदानावरून,
चपलांच्या तळांवरून.
निघाल्या टाचण्या, एक स्क्रू,
आणि गेल्या दिवाळीत हरवलेली माझीच केसातली पिन.
दोनशे बारा अंगडी
पुन्हा त्या पट्ट्यावर घातली, ज्याला सुई कळते.
एकेक करून.
पट्टा गप्प.

"कामून लपवायलीस?"
"काय लपवू सर, दिसंना गेलंय."

शेवटचं अंगडं यंत्राच्या तोंडाशी गोळा झालं,
ते सरळ करायला रौशनबीनं हात आत घातला
आणि पट्टा ओरडला.

अंगठी, चमकी, झुमके, सगळं तर दाराशी डब्यात ठेवलेलं.
अंगडं बाजूला काढलं. पुन्हा नुसता हात.
पुन्हा ओरडला.

बोटाला पिवळी चिंधी होती, कटिंगच्या कचऱ्यातली.
पिवळ्यावर पिवळी, कुणाला दिसणार.
चिंधी सोडली. पहिल्या पेरात, नखाच्या कडेला,
दोन तासांपासून.
तिला ठाऊक होतं का? मी विचारलं नाही.
रक्ताचा ठिपका पडला तर पीस रिजेक्ट,
आणि रिजेक्ट पीस कुणाच्या पगारातून शिवलं जातं
हे मात्र सगळ्या लाइनला ठाऊक आहे.

धागे उपटायच्या चिमट्यानं मीच काढलं टोक.
तिनं "या अल्लाह"सुद्धा तोंडातल्या तोंडात म्हटलं.
तिन्ही तुकडे जुळले. सुई पुरी झाली.
पंखे लागले.

शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, "बोटात".
सर म्हणाले, असं नसतं लिहायचं.
मग खोडून लिहिलं, "कपड्यात नाही".
खोटं तर ते नव्हतंच.

आठवड्यानं तपासणीला मॅडम आल्या, सोबत दुभाषा.
रजिस्टर पानापानानं चाळलं, मान डोलावली,
आणि त्या पानावर थांबल्या.
चिकटपट्टीखाली हा तपकिरी डाग कशाचा?
सर माझ्याकडं बघायला लागले.
मी म्हणाले, गंज.
त्यांनी गंभीर होऊन वहीत टिपलं.
सुयांना दमट हवा लागता कामा नये.

बाहेर चव्वेचाळीस होतं. सेलूत त्या दिवसांत
बोलताना ओठ फाटतात.

तेव्हापासून सुयांच्या डबीत एक पांढरी पुडी असते,
ओल शोषणारी. महिन्याला बदलायची,
तिचाही रकाना आहे.

रौशनबी येते. तुकडे मोजून देते.
मी पुडी बाजूला सारून नवी सुई काढते,
रजिस्टर तिच्याकडं फिरवते.
सही करताना ती पेन अजून
मधल्या बोटानंच धरते.