चार्ज घेणार

बेचाळीस फॉर्म वाटले होते शिरपूरच्या दवाखान्यात,
बेचाळीसही परत आले.
मार्गदर्शक फोनवर म्हणाले, शंभर टक्के प्रतिसाद,
नशीबवान आहेस.

सावळद्याच्या पुलावर एसटीत वारं घुसलं, भट्टीतलं,
गठ्ठा उडू नये म्हणून त्यावर डब्याची पिशवी ठेवली.
खाली तापी होती. मी पाहिली नाही.

रात्री धुळ्याला खोलीवर एक्सेल उघडलं.
ड्यूटी संपल्यावर आतून रिकामं वाटतं का? कधीच नाही.
पेशंटचा राग येतो का? कधीच नाही.
आपण दगड होत चाललोय असं वाटतं का?
कधीच नाही.
टिकांची रांग वरून खाली सरळ,
जणू एकीनंच भरलेत सगळे, पट्टी लावून.
शून्य. शून्य. शून्य.

मी चार वर्षं वॉर्डात होते, मीही असंच भरलं असतं.
पहिल्या पानावर ‘गोपनीय’ ठळक छापलंय
आणि फॉर्म गोळा करत फिरला
मेट्रनबाईंचाच शिपाई.

एकतिसावा कोरा.
उलटा केला, तर मागे निळ्या शाईत
रिपोर्ट बुकातलं ते घाईचं, तिरकं अक्षर:

स्त्री, वय ५१. बेड नाही.
दाखल जून नव्याण्णव. डिस्चार्ज नाही.
तक्रार विचारली असता, काही नाही म्हणते.
रात्री उष्माघात कक्षात आठ पेशंट, कूलर एक,
त्यात पाणी हिनेच भरलं.
स्वतः पाणी प्यायली का, नोंद नाही.
लघवी दहा तासांत एकदा.
कळण्याची भाकरी डब्यात आहे तशीच.
पहाटे ३.४० बोराडीकडचा मुलगा गेला. साप.
अर्धा तास छाती दाबली.
आई म्हणत होती, ताई, मन्हा पोरगाले दखा ना,
दखा ना.
३.५५ शेजारच्या बेडची सलाइन बदलली.
हात थरथरले नाहीत. ही गोष्ट नोंद घेण्यासारखी.
सकाळी घरी नात खेळता खेळता
डोळे मिटून मेल्यासारखी पडली,
हिने तिला गदागदा हलवलं. पोरगी फार रडली.
झोप येते. कानांना येत नाही.
औषध दिलेलं नाही.
पुढच्या पाळीने लक्ष ठेवावे.

खाली दोन ओळी, असतात तशा.
चार्ज देणार: एक गिचमीड, नाव लागत नाही.
चार्ज घेणार:

कोण असेल, आठवून पाहते.
ट्रे घेऊन माझ्या अंगावरून गेलेली ती,
ठी दे तठे, नंतर भरसू, म्हणणारी?
की ड्रेसिंगच्या खोलीत पाठमोरी उभी,
नळ सुरू ठेवून हात न धुणारी?
बेचाळीस जणींपैकी
एकीचाही चेहरा मी नीट पाहिलेला नाही.
नमुना मात्र पुरेसा आहे.

नियमावलीत लिहिलंय: उत्तर नसल्यास ९९ टाकावे.
टाकलं. खोडलं. परत टाकलं.
सरांचा मेसेज आला, एखादा गाळलास तरी सरासरी हलत नाही.
खरं आहे. हलली नाही.

वॉर्ड मी का सोडला ते प्रबंधात कुठे येत नाही,
प्रस्तावनेत ‘व्यावसायिक विकास’ असा शब्द आहे.
त्या रात्री माझाही एक बेड होता, नऊ नंबरचा,
आणि सकाळच्या पाळीला चार्ज देताना मी म्हटलं होतं,
विशेष काही नाही.

गठ्ठा सुतळीने बांधला. एकतिसावा बाहेर राहिला.
चार्ज घेणाऱ्याने आधी वेळ लिहायची, मग सही,
बोटांना अजून आठवतं.
वेळ लिहिली: रात्रीचा एक वाजून दहा.
पेन तिथंच टेकलेलं आहे,
शाईचा ठिपका
वाढतोय.