बिब्बा

पिळर्णच्या वसाहतीत, पत्र्याच्या शेडीत
माझं काम एका दाराशी.
दार म्हणजे नुसती चौकट, कडी नाही, उंबरा नाही,
दोन्ही अंगांना पांढऱ्या पाट्या, आत अँटेना.
कळंगुटच्या हॉटेलांचे मळके गठ्ठे ट्रॉलीवरून येतात
आणि गाठ न सोडता चौकट मोजते:
चादरी एकशे दहा, अभ्रे दोनशे चार,
एक टॉवेल भलत्याच हॉटेलचा, चुकून आलेला.

टॅग दुमडीत शिवलेला असतो, चिंचोक्याएवढा.
त्याला बॅटरी नसते.
चौकटीनं हाक मारली की त्या हाकेच्याच जोरावर
तो आपला नंबर सांगतो,
मग परत मुका.
दोनशे धुण्या सोसतो, इस्त्रीचा रोलरसुद्धा.

माझे बाबा, सगुण मडवळ, त्यांचा टॅग बिब्ब्याचा.
सुईनं बिब्बा टोचायचा, तेल कापडाच्या कोपऱ्याला,
वर चुन्याचं बोट.
दोन टिंबं नि आडवी रेघ: बोर्जिसांचं घर.
फुली: डॉक्टर केंकरे.
उलटी चंद्रकोर शाळेच्या बाईंची,
ज्यांनी कधी वेळेवर पैसे दिले नाहीत.
अक्षर एक येत नव्हतं आणि चाळीस घरं पाठ.
बिब्बा उतला की बोटं टरारून फुगायची,
आई खोबरेल लावायची आणि त्या दिवशी
कुणाशी बोलायची नाही.

मी पाचवीत असताना
बोर्जिसांचा लेसचा टेबलक्लॉथ हरवला.
लिस्बनहून आणलेला, पियेदाद बाय म्हणाल्या,
तुझ्याकडे दिला, परत आला नाही.
बाबा म्हणाले, माझ्या गठ्ठ्यात तो नव्हताच.
पण नव्हतं ते दाखवायचं कसं?
एकवीस महिने त्या घरचं धुणं फुकट धुतलं.
मग नाताळच्या तोंडावर त्यांच्याच पेटाऱ्यात,
डांबराच्या गोळ्यांखाली, तो सापडला.
आमच्याकडे केक आला.
बेबिंक नव्हे, साधा केक.

टॅग आधी एकाच बड्या हॉटेलानं लावले,
मग हॉस्पिटलनं, मग बागाच्या गेस्टहाउसांनीसुद्धा.
मावसभाऊ मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर असतो,
म्हणतो, तिथल्या चिपांच्या पोटातही हेच.
गाड्यांच्या काचेवर, दुकानातल्या चपलांत,
डिचोलीकडच्या एका गोठ्यात गाईंच्या कानांत.
जिथं कुणाचा कुणावर विश्वास नाही
तिथं आमचा धंदा बरा चालतो,
असं टॅग विकणारा माणूस बोलून गेला
आणि घाईनं चहा मागवला.

मार्चमध्ये एका हॉटेलाचं पत्र आलं:
साठ चादरी कमी, बिलातून कापू.
मी यादी काढली. साठही चादरी
आमच्या चौकटीतून बाहेर पडलेल्या,
तारीख, तास, मिनिटासकट.
तिसऱ्या दिवशी त्यांच्याच गोदामात मिळाल्या.
पैसे कापले नाहीत.
केकही आला नाही.

हे सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ
अंगणातल्या दोरीकडे बघत बसले.
दोरीवर काही नव्हतं.

आता आमच्या ॲप्रनांनाही टॅग आहेत.
सकाळी सहाला मी आत शिरते, पडद्यावर ओळ उमटते:
ॲप्रन, निळा, मध्यम, धुण्या तीन.
गेल्या शुक्रवारी तो घरी ओला राहिला, मी तशीच गेले.
आठ तास गठ्ठे ढकलले,
महिनाअखेर एक दिवस बिनपगारी.
मी तिथंच होते, म्हटलं.
मॅनेजरनं पडदा माझ्याकडे वळवला.

रात्री बाबांच्या तळहातावर एक मेलेला टॅग ठेवला,
फाटक्या अभ्र्यातून उसवलेला.
त्यांनी तो दिव्याकडे धरला, वास घेतला.
'बोटाला लागतो?'
नाही.
'मग लक्षात कुणाच्या राहतं?'
मशीनच्या, म्हटलं. लांब कुठंतरी असतं.
ते हसले नाहीत.
चुन्याची पत्र्याची डबी उघडून तो आत टाकला,
झाकण दाबून बसवलं,
आणि डबी कानाशी नेऊन
हलवून बघितली.