पीठ भिजेपर्यंत

एक वाटी तांदळाचं पीठ, अडीच वाट्या पाणी,
मीठ चिमूटभर, आणि मग
अर्धा तास काहीच करायचं नाही.
हे शेवटचं आईने कधी सांगितलं नव्हतं.
ती पातेल्यावर ताट उपडं घालायची
आणि दुसऱ्या कामाला लागायची.

मला दुसरं काम नाही.
महिन्यातले दोन रविवार, दहा ते पाच,
असं वांद्र्याच्या कोर्टातल्या कागदावर लिहिलंय.
सात तास. त्यातला अर्धा
मी पातेल्यात झाकून ठेवतो.

सोमवार ते शनिवार मी लिफ्ट दुरुस्त करतो.
पवईच्या एका टॉवरमध्ये, बत्तिसाव्या मजल्यावर,
लोक नऊ सेकंदांनी बटण पुन्हा दाबतात.
मी मोजलंय.
दाबल्याने ती लवकर येत नाही.

शाल्मलीला तिचा मामा सोसायटीच्या फाटकाशी सोडतो,
हेल्मेट न काढता हात करतो.
ती भांडुपचे तीन मजले चढून येते, चपला काढते,
विचारते, "पॅनकेक?"
मी म्हणतो, घावन.
ती म्हणते, तेच ते.
तेच ते नाही. पण एवढ्यावरून
पुन्हा कोर्टात जायचं नाही.

मी पीठ कालवतो. गुठळ्या ती बोटांनी फोडते.
मग झाकण. मग आम्ही दोघं,
मी दाराला टेकून, ती ओट्यावर,
पाय सिलिंडरवर.
काय बोलायचं असतं बापाने?
शाळा कशी चाललीय, हे मी
पहिल्याच महिन्यात वापरून टाकलं.
शेजारच्या पाताड्यांचा पोपट कुकरच्या शिट्ट्या काढतो.
आम्ही मोजतो. तिसऱ्या शिट्टीला ती म्हणते,
"यांचा भात झाला."

आणि मग, आत पीठ तळाशी बसायला लागल्यावर कधीतरी,
ती खिडकीच्या जाळीकडे बघत सांगते:
चष्म्याचा नंबर वाढलाय.
बॅडमिंटनच्या टीममधून काढलं.
आई हल्ली रेडिओ चालू ठेवून झोपते.
मी काही म्हणत नाही.
आत्ता हलवलं तर सगळं
पुन्हा गढूळ होईल.

मागच्या खेपेला, मी झाकण ठेवत असताना,
म्हणाली, "बाबा, आई तर रात्रीच भिजवून ठेवते.
सकाळी नुसतं तव्यावर घालायचं."
मी झाकण हातात धरून उभा,
दोन मजल्यांच्या मधे अडकल्यासारखा.
मला ठाऊक होतंच.
शनिवारी रात्री दहाला मी घरी असतो,
पीठ डब्यात असतं, पिंपात पाणी असतं.
"माझं पीठ वेगळंय," मी म्हटलं.
"म्हणजे?"
"जाडंय. वेळ लागतो त्याला."

तिने डबा उघडला, चिमूट घेतली,
अंगठ्याने बोटांवर चोळून बघितली.
बारीकच होतं. कणसुद्धा लागला नसेल.
हात फ्रॉकला पुसला,
माझा फोन घेतला
आणि अर्ध्या तासाचा अलार्म लावला.

वाजला तेव्हा मी उठलो. बिडाचा तवा ठेवला,
अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला,
चुर्र झालं.
तिने झाकण उचललं, वाकून बघितलं.
वर नितळ पाणी, खाली पांढरं, गप्प.
हे पीठ आता ढवळायचं आणि ओतायचं, बस.
तिलाही येतं ते.
"अजून नाही झालं," ती म्हणाली. "दहा मिनिटं."

मी गॅस बंद केला.
घरभर कांद्याचा वास, आणि खायला काही नाही.
पोपटानेही तेवढ्यात काही काढलं नाही.

पहिलं घावन फाटलं. पहिलं फाटतंच.
तिने ते उभ्याउभ्याच खाल्लं, गुळाशिवाय.
दुसऱ्याला छान जाळी पडली.
तिने ताटली जवळ ओढली, चष्मा वर सरकवला
आणि भोकं मोजायला लागली.
एकशे चारला चुकली.
मग पुन्हा पहिल्यापासून.